आज्जाच्या खड्ड्यातलं यीस्ट

यीस्ट शनिवारी चालतं का, असं शेजारच्या अंबुबाईनं विचारलं, तिथंच अमृतनं हा नाद सोडायला हवा होता.

चूक त्याचीच होती. यीस्ट जिवंत असतं, हे त्यानं स्वतःच तोऱ्यात सांगितलं होतं. जिवंत आहे म्हटल्यावर अंबुबाईनं शनिवारचं विचारलं. जिवंत असून साखर खातं म्हटल्यावर पुढचं विचारलं, की मग ते आपण खाल्लं तर आपण साखर खाल्ली की त्याला खाल्लं? बेळगावातल्या शहापूरच्या त्या गल्लीत शनिवार पाळणारी नऊ घरं होती आणि नवांपैकी एकाही घरानं हा मुद्दा हलक्यानं घेतला नाही. शेवटी असं ठरलं की यीस्ट हे दह्याच्या नात्यातलं आहे, लांबच्या, आणि लांबच्या नात्यातलं शनिवारी चालायला हरकत नाही.

गल्लीचा हा सगळा खल पावासाठी चालला होता. अमृत घरी पाव करायला शिकतोय असं गल्लीला वाटत होतं, कारण अमृतनं तसंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो एल करत होता. एल म्हणजे बिअरच. पण बिअर म्हटलं की लोक लगेच कपाळाला आठ्या घालतात आणि एल म्हटलं की आधी थोडा विचार करून मग घालतात, एवढा फरक. त्याच्या घरात तो विचार करायलाही कुणी थांबलं नसतं. त्याच्या वडिलांच्या, केदारी आप्पांच्या घरात दारू हा शब्द दिवाळीतल्या फटाक्यांपुरता वापरला जाई, आणि तोही आवाज न करणाऱ्या.

आता एल करायची तर सातूचं माल्ट मिळतं, पाणी नळाला येतं, एक दिवसाआड का होईना. अडतं ते यीस्टपाशी. यीस्ट निवडणं हे स्थळ बघण्यासारखं असतं. किती थंडाव्यात नांदेल, किती लवकर चिडेल, चिडल्यावर कसला वास सोडेल, आणि मुख्य म्हणजे काम संपल्यावर गप तळाला जाऊन बसेल, की घरभर गढूळपणा करत फिरेल, हे सगळं आधी विचारून घ्यावं लागतं. अमृतनं यातलं काहीही न विचारता पहिल्या खेपेला कोपऱ्यावरच्या बेकरीतलं यीस्ट आणलं. तयार झालं ते आंघोळीच्या पाण्यात बुडवलेल्या पावासारखं लागत होतं. दुसऱ्या खेपेला अंबुबाईनं आग्रहानं आपल्या इडलीच्या पिठातलं चमचाभर दिलं, की ह्याच्यानं दगडसुद्धा फुगतोय. त्या खेपेची चव अमृतनं आजवर कुणाला सांगितलेली नाही.

शिवाय प्रत्येक खेपेनंतर गल्ली विचारायची, पाव कुठं हाय? मग तो थेट टिळकवाडीला जाऊन, जिथं त्याला कुणी ओळखत नाही अशा बेकरीतून पाव आणायचा, कागद काढून टाकायचा, तव्यावर गरम करायचा आणि एका बाजूनं हातानं चेपायचा, म्हणजे घरचा दिसावा. अंबुबाई चावून म्हणायची, "बेकरीगत झालाय बघ. एका बाजूनं तेवढा बसतोय, ते सुधार." एकोणतीस वर्षांचा, बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करणारा, महिन्याच्या महिन्याला कर भरणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून पाव चेपत होता. आपल्याला लाज वाटायला हवी, असं त्याला तेव्हाच वाटून गेलं होतं. पण ती लाज अजून लहान होती.

एल ठेवायची जागा मात्र त्याला सुरेख सापडली होती. आप्पा हातमागावर विणत. हा खड्ड्याचा माग, म्हणजे विणकर जमिनीवर बसतो आणि पाय खालच्या खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. घरात असे दोन खड्डे होते. एक आप्पांचा, चालू. दुसरा आज्जाचा, म्हणजे आप्पांच्या वडिलांचा. आज्जा गेल्यावर त्यावरचा माग उतरवला, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर जोंधळ्याची पोती. फळ्यांखाली ऐन एप्रिलातही एकवीस अंश असायचे. हे त्यानं प्रयोगशाळेतल्या काचेच्या थर्मामीटरनं मोजलं, आणि तो थर्मामीटर हातात दिसल्यामुळं ताप आलाय असं समजून त्याच्या आईनं, सुवर्णाबाईंनी, त्याला दोन दिवस पेज पाजली. एलच्या यीस्टला एकवीस अंश म्हणजे माहेर. फक्त एक अडचण होती. खड्ड्याच्या पलीकडची भिंत आण्णाप्पाच्या शेडला लागून होती, आणि शेडमध्ये आठ यंत्रमाग सकाळी आठापासून धडधडत. भिंत हले, खड्डा हले, खड्ड्यातला एलचा कॅन हले. इतकं हलवल्यावर कुठलं यीस्ट तळाला बसेल? माणसं बसत नाहीत.

हा प्रश्न त्यानं निपाणीच्या राजकुमारला फोनवर विचारला. राजकुमार त्याचा कॉलेजातला मित्र, घरची तंबाखूची वखार. बिअरमधलं त्याला कळतं असं तो स्वतः सांगे, कारण तो पुण्यात तीन महिने एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहिला होता. शेजारी म्हणजे रस्त्याच्या पलीकडं.

"तुला इंग्लिश यीस्ट पायजे," राजकुमार म्हणाला. "काम झालं की दगडागत खाली बसतंय. भूकंप झाला तरी उठत न्हाय."

ते यीस्ट पुण्याहून मागवायचं होतं. बेळगावचा पिनकोड घातला की संगणक विनम्रपणे सांगे, आपल्या भागात ही वस्तू पाठवता येत नाही. अमृत मुळात कायद्याला भिणारा. घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागतो का, हे विचारायला तो एकदा संबंधित कार्यालयातही जाऊन आला होता. तिथल्या साहेबांनी वर न बघता विचारलं, "एष्टु लीटर?" अमृत म्हणाला, वीस. साहेबांनी पुढची शून्यं मनातच धरली असावीत, कारण त्यांनी कारखान्याचाच फॉर्म हातात दिला. जागा किती एकर, बॉयलर कुठल्या क्षमतेचा, सांडपाण्याची विल्हेवाट कशी. सांडपाण्यापुढं त्यानं 'मोरी' असं लिहिलंही. पण त्याखालच्या ओळीत अर्जदाराच्या वडिलांचं पूर्ण नाव लिहायचं होतं. तिथं त्याचं पेन थांबलं. बाहेर चहाच्या गाड्यावर येऊन त्यानं तो फॉर्म चार घड्या घालून खिशात ठेवला आणि कायद्याला भिणं पुढं ढकललं.

राजकुमारची आत्या कागलला दिलेली होती. कागल महाराष्ट्रात. तिथं यीस्ट येऊ शकत होतं. सीमाप्रश्न या भागात पुष्कळांनी पुष्कळ कारणांनी भोगला, पण यीस्टसाठी भोगणारा अमृत बहुधा पहिलाच. तो एका मंगळवारी सुट्टी टाकून कागलला गेला, आत्याच्या हातचे पोहे खाल्ले, पाकीट घेतलं. खोक्यावर फेसाळत्या पेल्याचं चित्र होतं, म्हणून खोकं त्यानं स्टँडवरच्या कचराकुंडीत टाकलं. उरलं ते चंदेरी, बिननावाचं, आत भुरकट पूड असलेलं पाकीट. नाव नसलेलं पाकीट नाव असलेल्या पाकिटापेक्षा जास्त वाईट दिसतं, हे त्याला सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर समजलं.

हवालदार एसटीत चढले. पिशव्या बघत बघत अमृतपाशी आले आणि पाकीट उजेडात धरून म्हणाले, "एनु इदु?"

"पावाचं यीस्ट," अमृत म्हणाला. चार महिन्यांच्या सरावानं ते आपोआप आलं.

हवालदार मराठीवर आले. पावाचं यीस्ट निपाणीत मिळतंय, चिक्कोडीत मिळतंय, त्यासाठी दुसऱ्या राज्यात जातात व्हय? सगळी गाडी उत्तराची वाट बघायला लागली. आणि मागच्या सीटवरून एक ओळखीचा आवाज म्हणाला, "अरे अमृत, तू व्हय?"

तो आण्णाप्पा होता. इचलकरंजीहून सूत घेऊन परत निघालेला, मांडीवर सुताच्या रिळांचं पोतं. अमृतनं आण्णाप्पाकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडानं त्याला न विचारता उत्तर दिलं.

"खळीचं हाय. ताण्याच्या खळीत घालायचं. वडील विणकर हायत."

खळ म्हणजे पिठाची पेज. मागावर ताणा चढवण्याआधी त्याच्या उभ्या धाग्यांना ती पाजतात, म्हणजे धागा ताठ होतो, तुटत नाही. पीठ तीन दिवस भिजवून आंबवायचं, मग शिजवायचं. त्यात पुण्याची पूड कुणी कधी घातली नव्हती. हवालदारांनी आण्णाप्पाकडं बघितलं. आण्णाप्पा उभा राहिला आणि भर गाडीत त्यानं ग्वाही दिली, की हा केदारी आप्पांचा मुलगा, देवीचं लुगडं ह्यांच्याच मागावर होतंय, सोडा. हवालदारांनी पाकीट दोन्ही हातांनी परत केलं.

निपाणी यायच्या आत आण्णाप्पाचे तीन फोन झाले होते. संकेश्वरला चहा घेताना त्यानं चौथा केला. गाडी बेळगावात शिरली तेव्हा केदारी आप्पांचा इंजिनिअर मुलगा खळीचं शास्त्रीय औषध घेऊन येतोय, हे विणकरांच्या वडगावपर्यंत पोचलं होतं.

इथं देवीच्या लुगड्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढची लाज नीट समजणार नाही. दरवर्षी गल्लीच्या देवीला जत्रेत नवं लुगडं नेसवतात. ते हातमागावरचंच लागतं, आणि गल्लीत हातमाग एकच उरला होता, आप्पांचा. पण यंदा खळ जमत नव्हती. पीठ आंबेना, नुसतं नासे. धागे पटापट तुटत. दोनदा ताणा वाया गेला होता. आप्पांचे हात थकले असं गल्ली हळू आवाजात म्हणू लागली होती, आणि आण्णाप्पानं अगदी चांगल्या मनानं सांगून ठेवलं होतं की अडलंच तर माझ्या यंत्रावरून एक काढून देतो, देवी काय ओळखणार हाय? आप्पा त्यावर काही बोलले नव्हते. आप्पा रागावले की बोलत नसत आणि खूश असले तरी बोलत नसत. फरक मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याच्या आवाजावरून ओळखायचा. त्या दिवसापासून धोटा आवाजच करत नव्हता.

अमृत घरी पोचला तेव्हा आप्पा मागावर होते. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि चटईवर थोडं सरकून जागा केली.

"खळीचं काय आणलास म्हणं?"

अमृत अठराव्या वर्षी मागावरून उठला तो परत बसला नव्हता. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत आप्पा त्याच्याशी जेवलास का, आलास का आणि गॅस संपलाय याखेरीज बोललेले नव्हते. मागाविषयी तर एक अक्षर नाही. आता त्यांनी विचारलं होतं आणि जागाही केली होती. खरं सांगायचं तर ते याच क्षणी सांगायला हवं होतं. अमृतनं तोंड उघडलं, त्या रिकाम्या जागेकडं बघितलं, आणि जाऊन बसला.

आप्पांनी पाकीट फाडलं. चिमूटभर पूड तळहातावर घेतली, वास घेतला, जिभेला लावली, अंगठ्यानं चोळली. बराच वेळ चोळली. मग म्हणाले, "हं." निम्मं पाकीट भिजवलेल्या पिठात रिकामं केलं आणि उरलेलं दुमडून त्याच्या हातात दिलं.

"हे ठेव. तुला लागंल."

अमृतला वाटलं, पुढच्या खळीसाठी.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुवर्णाबाई उठल्या तेव्हा खळ स्वयंपाकघरात नव्हती. म्हणजे हंडा होता, पण खळ निघाली होती. हंड्यावरचं झाकण उचलून, ओट्यावरून उतरून, फेसाळत ती उंबऱ्यापर्यंत आली होती आणि अंबुबाई दारात उभी राहून तिला बघत होती. ह्याचा पाव होईल का, असं तिनं विचारलं. सुवर्णाबाईंनी चार बादल्या पाण्यानं घर धुतलं आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, ह्या घराला वास कसला येतोय? आप्पा म्हणाले, खळीचा.

पण हंड्यात जी उरली ती खळ अशी होती, की तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत ताणा लांब पसरून आप्पांनी कुंच्यानं ती धाग्यांना पाजली, तेव्हा जमलेली माणसं धाग्याला हात लावून बघायला लागली. धागा ताठ, वर मऊ, हाताला न चिकटणारा. ताणा मागावर चढला. पहिल्या दिवशी एक धागा तुटला, दुसऱ्या दिवशी तोही नाही. धोट्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायला लागला.

उरलेल्या अर्ध्या पाकिटाची अमृतनं आज्जाच्या खड्ड्यात एल लावली. मनाशी म्हणाला, ही शेवटची. गुन्हेगार असंच म्हणतात.

मग एक दिवस आप्पा फळ्यांकडं बघत म्हणाले, आज्जाचा खड्डा उघडू की, माग बांधू तुला. फळ्यांखाली अमृतची एल होती. तो घाईघाईनं म्हणाला, नको, आधी तुमच्या खड्ड्यात पुन्हा शिकतो. आप्पा लगेच म्हणाले, बरं. इतक्या लगेच, की अमृतला थोडा संशय यायला हवा होता. तो सकाळी कंपनीचं काम सुरू व्हायच्या आधी दोन तास आप्पांच्या खड्ड्यात पाय सोडून बसायला लागला. त्यानं चुकीची पावडी दाबली, धोटा दोनदा सुवर्णाबाईंच्या परातीत पाडला, चाळीस धागे तोडले. आप्पा तुटलेली दोन टोकं बोटांत धरून थुंकीच्या थेंबानं पीळ देत आणि धागा असा जोडत, की कुठं तुटला होता ते जोडणाऱ्यालाही सांगता येऊ नये. अमृतला ते जमत नव्हतं. आप्पा पुन्हा दाखवत. त्यांना इतक्या वेळा तीच गोष्ट पुन्हा करताना त्यानं कधी बघितलं नव्हतं.

आणि शेजारच्या फळ्यांखालून दर आठ सेकंदांनी आंबणाऱ्या एलच्या बुडबुड्याचा आवाज येई, डुबुक.

पहिल्या दिवशी आप्पा म्हणाले, "उंदीर पडलाय वाटतं पाण्यात."

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उंदीर दमंना अजून."

आठव्या दिवशी आवाज थांबला. आप्पा धोटा थांबवून थोडं ऐकत बसले आणि म्हणाले, "दमला." त्याच दुपारी आप्पा बाजारात गेलेले बघून अमृतनं एल बाटल्यांत भरली आणि बाटल्या परत खाली ठेवल्या.

एव्हाना आण्णाप्पानं अमृतच्या सत्काराचं ठरवलं होतं. जत्रेच्या दिवशी देवीला लुगडं नेसवायच्या आधी, शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. त्यावर कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, डोळे अर्धे मिटलेला अमृत होता आणि खाली लिहिलं होतं, खळ-संशोधक. वडगावहून विणकर भेटायला यायला लागले. पुडीचं नाव काय, किती घालायची, पावसाळ्यात चालंल का? अमृत म्हणायचा, अजून संशोधन चालू आहे. लोक म्हणायचे, बघा, किती सावध बोलतोय. अंबुबाईनं पावाचा विषयच सोडून दिला. एवढ्या मोठ्या माणसाला पावाचं काय विचारायचं, असं ती सुवर्णाबाईंना म्हणाली. हे ऐकल्यापासून अमृत मागच्या बोळातून जा-ये करायला लागला. पण फ्लेक्स मागच्या बोळातही एक होता.

सत्काराचं तो कसंही निभावून नेणार होता. पाव चेपणाऱ्याला शाल जड नसते. त्याला खात होतं ते वेगळंच. देवीच्या अंगावर जे लुगडं जाणार होतं, त्याच्या धाग्याधाग्यात दारूचं यीस्ट होतं, आणि ते आप्पांच्या हातून गेलं होतं. उद्या कुठं कळलं, तर लोक अमृतला हसतील. पण तोंड आप्पांना लपवावं लागेल.

जत्रेच्या आदल्या दुपारी तो खाली मान घालून मागापाशी गेला. लुगड्याचा शेवटचा हात विणायचा राहिला होता.

"आप्पा, तुम्हाला एक सांगायचं हाय. ती पूड खळीची न्हाय."

धोटा गेला, आला.

"बिअरचं यीस्ट हाय ते. मी घरात बिअर करालोय. पाच महिने. आज्जाच्या खड्ड्यात."

धोटा गेला, आला. आप्पा म्हणाले, "म्हाईत हाय."

 कधीपासून, असं अमृतनं विचारलं.

"बेकरीचं आणलतास तवापासनं. लई घाण झालती ती." आप्पांनी वीण घट्ट करायला फणी ओढली. "वासावर खळ ओळखायला मी चाळीस वर्सं घालवली. घरात काय आंबतंय एवढं कळंना व्हय मला?"

"मग ती पूड देवीच्या खळीत कशी घातलासा?"

"जिभेला लावून बघितलं की. पीठ आंबवायचं काम हाय त्याचं. ते कुणासाठी करायचं ते त्याला कुठं म्हाईत? आणि पुढं शिजवलंच की मी ते."

 मग अमृतनं ते विचारलं, जे त्याला खरं विचारायचं होतं. इतके दिवस तुम्ही बोलला का नाही?

आप्पांनी उत्तर द्यायच्या आधी धोटा तीन वेळा टाकला.

"अकरा वर्सांनी मागाच्या खड्ड्यापाशी आलास," ते म्हणाले. "कशासाठी का असंना."

पाच महिन्यांत अमृतला जेवढी लाज वाटली होती ती सगळी एकत्र केली, तरी या क्षणापुढं ती किरकोळ होती. तो म्हणाला, की उद्या मी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकतो. आप्पांनी पहिल्यांदा त्याच्याकडं मान वळवून बघितलं.

"आणि लुगडं? ते आण्णाप्पाच्या यंत्रावरनं आणणार व्हय? गप शाल घे. लाज वाटंल. वाटू दे."

शाल त्यानं घेतली. जत्रेसाठी गल्लीतले सगळे यंत्रमाग बंद होते आणि इतकी शांतता झाली होती, की आण्णाप्पाच्या भाषणातला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. ती सोयही अमृतला नको होती. आण्णाप्पानं कोगनोळीचा प्रसंग सांगितला. त्यात हवालदार आता दोन झाले होते. इंजिनिअर होऊनही मातीला न विसरलेला मुलगा, असं तो तीनदा म्हणाला. अंबुबाईनं पदर डोळ्याला लावला. मग सगळे म्हणाले, दोन शब्द.

अमृत उठला. खोटं बोलायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

"खळ आप्पांची हाय," तो म्हणाला. "मी काय केलं न्हाय. मी फक्त पाकीट आणलं, तेपण दुसऱ्याच कामासाठी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागं कुणीतरी म्हणालं, असा विनय आता बघायला मिळत न्हाय. आण्णाप्पानं दुसरी शाल मागवली.

लुगडं देवीला नेसवलं. हिरवं, लाल काठाचं. चांगलं दिसत होतं. अमृतनं हात जोडले, पण वर बघितलं नाही.

संध्याकाळी उजेड होता तोवरच आप्पांनी फळ्यांवरची पोती बाजूला केली आणि खड्ड्यात हात घालून एक बाटली वर काढली. दिवसभर भिंत हलली नव्हती. यीस्ट दगडासारखं तळाला बसलं होतं आणि वरची एल काचेतून पलीकडचं दिसावं इतकी नितळ होती. अमृतला इतकं नितळ काही आजवर करता आलं नव्हतं. त्याला दोन शाली अंगावर असतानाही थोडा अभिमान वाटला, आणि मग वाटल्याची लाज वाटली.

आप्पांनी बूच काढलं. दोन थेंब बोटावर घेतले, वास घेतला, अंगठ्यानं चोळून बघितलं, बोट जिभेच्या टोकाला लावलं आणि खळ चाखल्यावर थुंकतात तसं मोरीत जाऊन थुंकून आले.

"खळ बरी झालती," ते म्हणाले.

अमृतनं बाटली घेतली आणि एक मोठा घोट घेतला. आप्पांचं बरोबर होतं.